पिशवीखालची ओळ

माझा धंदा दुसऱ्यांच्या चुका शोधायचा. छापखान्यातून पुस्तकांची कच्ची पानं घरी येतात, मी लाल पेन्सिल घेऊन बसते आणि सुटलेला काना, दोनदा पडलेला शब्द, खालीवर झालेली ओळ पकडते. तेवीस वर्षं हेच करते आहे. माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, असं छापखान्यातले म्हणतात. म्हणायला त्यांचं काय जातंय.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणीतरी म्हणणारच की बाईला चष्मा बदलायला हवा. चष्मा दोनच महिन्यांपूर्वी बदललाय. पिशवीखाली जी ओळ मला दिसली ती पानावर नव्हती, आणि मी ती बरोबर वाचली.

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणतात. लिफ्टची दुरुस्ती करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. नाव घ्यायची मला सवय नाही, म्हणून मीही इथे मिस्त्रीच म्हणते. मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा इस्पितळात जाऊन यंत्राला जोडून घेण्यापेक्षा घरच्या घरी पोटातून रक्त साफ करायचं ठरलं, आणि ते शिकवायला इस्पितळातून एक सिस्टर येऊ लागली. उंचीने बेताची, आवाजाने अजिबात नाही.

"काका, पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो," तिने पहिल्या दिवशी सांगितलं. "पोटात बसवलेल्या नळीतून आपण दोन लिटर साखरेचं पाणी आत सोडायचं. चार-पाच तास ठेवायचं. रक्तातली घाण पडद्यातून त्या पाण्यात उतरते. मग ते काढून टाकायचं आणि नवं भरायचं. दिवसातून चार वेळा."

"घाण उतरते म्हणजे? तिला कोण सांगतं, उतर म्हणून?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोणी सांगावं लागत नाही. जिकडे जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे. गच्च भरलेल्या खोलीचं दार उघडलं की माणसं आपोआप बाहेर सांडतात ना, तसंच."

"मग चांगलंही सांडेल की."

"सांडतंच. म्हणून मीठ, कॅल्शियम वगैरे पिशवीत आधीच घातलेलं असतं. दोन्हीकडे सारखं असलं की कमी होत नाही. पिशवीत जे नाही, ते जातं."

मिस्त्रींना यंत्राची गोष्ट निघाली की चेव येतो. दारात न मावणारी मोठी वस्तू पेशीच्या आतबाहेर कशी जाते, तेही त्यांनी विचारून घेतलं. सिस्टर म्हणाली, पेशीच्या भिंतीतच वाहून नेणारे असतात. इकडचं तोंड उघडून माल घेतात, ते मिटतं, आणि मगच तिकडचं उघडतं.

"अरेच्चा, म्हणजे लिफ्टच की!" मिस्त्री खूश झाले. "दोन्ही दारं एकदम उघडी ठेवायची नाहीत. नाहीतर माणूस खड्ड्यात."

"आणि काही वेळा पेशी उलटीकडे पण ढकलते," सिस्टर म्हणाली. "कमीकडून जास्तीकडे. त्याला मात्र ताकद लागते, काका. जिवंत पेशी दिवसभर तेच करते. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायला राबते. दमून थांबली की दोन्हीकडे सगळं सारखं होतं."

"सारखं झालं तर चांगलंच की."

"कसलं चांगलं! सारखं झालं म्हणजे मेली."

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

पाणी बदलायला मधली खोली निवडली आणि मिस्त्रींची खाट तिथे टाकली. घरात तीच सगळ्यात स्वच्छ होती, कारण तिथे अकरा वर्षं कोणी राहत नव्हतं. ती भिंगरीची खोली. भिंगरी आमची मुलगी. सरळ चालणं तिला माहीतच नव्हतं, जिथे उभी राहील तिथे गोल फिरायची, म्हणून भिंगरी. आठ वर्षांची असताना ती तळ्यात बुडाली. खोलीत तिचा पलंग, टेबलावर फोटो आणि एका खोक्यात तिची निळी चप्पल होती. एकच. दुसरी सापडली नाही.

रोज सकाळी सहाला, बाराला, संध्याकाळी पाचला आणि झोपायच्या आधी हाच कार्यक्रम असायचा. खिडक्या बंद, पंखा बंद, दोघांच्या तोंडाला फडकं, हात कोपरापर्यंत धुतलेले. मग पाणी बाहेर यायचा तो बारीक आवाज. वीस मिनिटं दुसरं काही ऐकू येत नसे. भरलेली पिशवी ताणकाट्याला टांगून वजन वहीत लिहायचं. शेवटी पिशवी छापील कागदावर ठेवायची आणि खालची अक्षरं वाचता येतात का बघायचं. आली तर पाणी साफ, गढूळ दिसलं तर पोटात संसर्ग, की लगेच फोन. ही सिस्टरची परीक्षा. छापील कागदाला आमच्या घरी काय तोटा! मी हाताशी असलेलं पान ठेवायची. तेव्हा माझ्याकडे बागकामाचं एक जाडजूड पुस्तक आलेलं होतं.

नवी पिशवी पोटात सोडण्याआधी कोमट करावी लागते. त्यासाठी विजेची गादी मिळाली होती, ती तिसऱ्या आठवड्यात जळाली. त्या दिवशी मी पिशवी तासभर मांडीवर घेऊन, वरून शाल गुंडाळून बसले आणि बसल्या बसल्या बागकाम वाचत राहिले. मग मधल्या खोलीत जाऊन ती मिस्त्रींना लावली. अर्ध्या तासाने ते डोळे मिटूनच म्हणाले, "शेहेचाळीस पानावर तळटीप सुटलीय. खतांच्या तक्त्याखालची."

लिफ्टची माहितीपत्रकं सोडली तर या माणसाने जन्मात काही वाचलेलं नाही. पानं पलीकडच्या खोलीत होती. आणि शेहेचाळीस पानावर, खतांच्या तक्त्याखाली, मी नुकतीच लाल खूण केली होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?" ते म्हणाले. "कोण, मी? काही बोललो का?"

आम्ही ते हसण्यावारी नेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की असं होतं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी नवी गादी आली आणि मी ते विसरून गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, दुपारच्या पाण्याला, पहिली ओळ दिसली. पिशवीखाली गुलाबाच्या छाटणीचं पान होतं. पाण्यातून अक्षरं जराशी मोठी दिसतात. "फांदी डोळ्याच्या वर तिरकी कापावी" आणि "कापलेल्या जागी लेप लावावा" या दोन ओळींच्या मधे, त्याच टाइपात, एक ओळ होती: निळी चप्पल, डाव्या पायाची, बंद शिवलेला.

मी पिशवी उचलली. पानावर फांदी होती, लेप होता, मधे काही नव्हतं. पुन्हा ठेवली. ओळ पुन्हा आली. तीनदा उचलून ठेवली. माझ्या हाताला सवयीने खूण करायची घाई झाली होती, पण खूण करणार कुठे?

संध्याकाळी मिस्त्री मधल्या खोलीत खोकं उघडून बसले होते. "ही कोणा पोराची चप्पल उचलून ठेवलीस?" त्यांनी विचारलं. "बंद तर शिवलेला आहे. टाकून दे की."

तो बंद त्यांनीच शिवला होता. लिफ्टच्या पट्ट्याचा जाड दोरा वापरून.

सिस्टर आली तेव्हा विचारलं की या आजारात विसरायला होतं का. ती म्हणाली, "होतं थोडंफार, काकू. घाण साठली की डोकं चालत नाही. पण काकांचे रिपोर्ट तर झकास आहेत." आणि खरंच, मिस्त्री सुधारत होते. गाल भरले. अकरा वर्षांत झोपेतून दचकून उठले नाहीत अशी एक रात्र गेली नव्हती, ते आता सहाच्या पाण्यापर्यंत गाढ झोपत. एकदा तर दाढी करताना शीळ घालत होते.

रोज एखादी ओळ यायची. पुढचा दात हलतो, हात लावू देत नाही. लिफ्टमध्ये मजले उलटे मोजते. ताप आला की माझाच शर्ट घालून झोपते. मी वाचायची, आणि दुसऱ्या दिवशी ते मिस्त्रींकडे नसायचं. मी मुद्दाम विषय काढायची. "भिंगरी मजले मोजायची, आठवतं?" ते चेहरा सौजन्याने माझ्याकडे करत, अनोळखी माणसाची गोष्ट ऐकावी तसे. "हो का?" म्हणत.

न कळण्याइतकी मी भोळी नाही. पिशवीत जे नाही, ते जातं. भिंगरी पिशवीत नव्हती. आणि मिस्त्रींच्या आत ती गच्च भरलेली होती.

उपायही मला ठाऊक होता. माझ्या मांडीवरून पिशवीत एक तळटीप जाऊ शकते, तर एक मुलगीही जाऊ शकेल. दोन्हीकडे सारखं असलं की कमी होत नाही. रोज चार वेळा तासभर पिशवी घेऊन बसायचं आणि पोरीला आठवायचं, एवढंच करायचं होतं. ते मी केलं नाही. का केलं नाही, तेही सांगते. यात लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही तिघं तळ्यावर गेलो होतो. मला दुसऱ्या दिवशी गणिताच्या पुस्तकाची पानं द्यायची होती, म्हणून मी झाडाखाली वाचत बसले. ते दोघं पाण्यात होते. मग मिस्त्री टॉवेल आणायला वर रस्त्यावर गाडीकडे गेले, पोरीला एकटीला पाण्यात सोडून. एवढंच मला माहीत होतं. का गेलात तिला सोडून? हा प्रश्न मी त्यांना अकरा वर्षं विचारला. सुरुवातीला ओरडून, मग रडून, मग नुसतीच बघून. माझ्या आईने विचारला. माझ्या भावाने तर कॉलर धरून विचारला. मिस्त्रींनी एकदाही तोंड उघडलं नाही. मान खाली घालून उभे राहायचे. मला वाटायचं, सांगण्यासारखं काही असेल तर ना सांगतील!

आणि आता ते सगळं आपल्या पायांनी बाहेर येत होतं. दात, ताप, शर्ट असं करत करत एक दिवस तळ्याची ओळ आली: काठाच्या पायऱ्या शेवाळलेल्या.

त्या दिवसापासून मी पाणी ओतून देणं बंद केलं. वापरलेल्या पिशव्या भिंगरीच्या पलंगावर एकीशेजारी एक ठेवू लागले. जुनी पानंही मी कधी टाकत नाही, धंद्याची खोड. सकाळी खोलीत गेले की आधी त्यांना हात लावायची. दोन-दोन दिवसांच्या पिशव्या, आणि अंगाला लागेल इतक्या कोमट. पलंगावरची चादर त्यांच्या वजनाने मधे दबलेली. मला भीती वाटायची. तरी मी मोजून पाहायची, सगळ्या आहेत ना.

ओळी मात्र फार सावकाश येत होत्या. एक पायऱ्यांची, मग तीन दिवस काहीच नाही. मला धीर धरवेना.

पिशव्या दोन तऱ्हेच्या असतात. पिवळ्या टोपणाची रोजची, आणि लाल टोपणाची कडक. कडक पिशवीत साखर जास्त, ती अंगातलं पाणी जोरात ओढते. पायांवर सूज आली तरच लावायची, तीही मला विचारून, असं सिस्टरने दम देऊन सांगितलं होतं. मिस्त्रींच्या पायांवर सूज नव्हती. मी लाल टोपण फिरवलं.

भरलं दोन लिटर, निघालं पावणेतीन. ओळ आली: गाडीत टॉवेल राहिले.

दुसरी लाल. ती म्हणते, बाबा, लवकर या.

तिसरी लाल लावताना मिस्त्रींच्या पोटऱ्यांत गोळे आले. ते पाय चोळत म्हणाले, "आज फार तहान लागलीय गं." जीभ कोरडी पडली होती, डोळे आत गेले होते. मी त्यांना घोटभर पाणी दिलं आणि म्हटलं, जरा पडून राहा, बरं वाटेल. मी हे म्हटलं. नवऱ्याला वाळवत होते आणि बरं वाटेल म्हणत होते.

पाण्याचा आवाज थांबला. मी पिशवी गुलाबाच्या पानावर ठेवली. मधल्या ओळीत होतं: मी झाडाखाली थांबलो.

झाडाखाली कशाला? झाडाखाली तर मी होते.

सकाळी चौथी लाल लावली. ती पोटात असताना मिस्त्री पडल्या पडल्या टेबलाकडे बघत होते. "ही पोरगी कोण गं?" त्यांनी फोटोकडे बोट दाखवून विचारलं. "हसते छान." मग डोळे मिटले. मी घड्याळाकडे बघत बसले. चार तास पुरे व्हायची वाटही बघितली नाही, अडीच तासातच नळी उघडली.

ओळ लांब होती. दोन ओळींच्या जागेत दाटीने बसलेली: मी म्हणालो, मी वर जातोय, भिंगरीकडे बघ. ती म्हणाली, हं.

मी पिशवी उचलली नाही. उचलून काय करायचं होतं? मला गणिताचं ते पान आठवलं. भागाकाराचं होतं. सातव्या उदाहरणात उत्तर चुकलेलं होतं, आणि ते सापडल्याचा आनंद मला अजून आठवत होता. कोणीतरी शेजारी उभं राहिल्याची सावली पानावर पडली होती, आणि अक्षरं दिसेनात म्हणून मी कपाळाला आठ्या घालून हं म्हटलं होतं. सावली गेली. मी पुढचं उदाहरण घेतलं.

ते अकरा वर्षं माझ्यातच होतं. मी वाचलंच नव्हतं.

आणि मिस्त्रींना ते माहीत होतं. माझ्या भावाने कॉलर धरली तेव्हाही माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते, आणि मी उरले नसते. म्हणून ते रोज, झोपेतसुद्धा, ते आत ढकलत राहिले. सिस्टर म्हणाली होती, ताकद लागते. माझा माणूस कशाने झिजला ते मला त्या दिवशी कळलं. तेही मी त्याच्या अंगातून ओढून काढल्यावर.

सिस्टर अकरा वाजता आली. मिस्त्रींचा रक्तदाब बघितला, वही बघितली, आणि तिचा आवाज चढला. "चार लाल? कोणी सांगितलं तुम्हाला? माणूस जायचा ना, काकू!" तिने सलाईन लावलं, डॉक्टरांना फोन केला, मला नाही नाही ते बोलली. मी ऐकून घेतलं. मग तिची नजर पलंगावर गेली. तिने एका पिशवीला हात लावला आणि पटकन मागे घेतला.

"या गरम कशा?"

"सिस्टर, हे पाणी परत आत घातलं तर?"

"वेड लागलंय का? उघडी पडलेली, वापरलेली पिशवी? दोन दिवसांत पोट सडेल त्यांचं." जाताना तिने उरलेल्या लाल पिशव्या काखोटीला मारल्या. पलंगावरच्या पिशव्यांना मात्र तिने हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच मी विजेच्या गादीचं बटण बंद केलं, पिवळ्या टोपणाची पिशवी मांडीवर घेतली आणि शाल गुंडाळली. आता माझ्याकडे सगळं होतं आणि त्यांच्याकडे काहीच नव्हतं. म्हणजे मी काही न करता नुसती बसले असते तरी सगळंच गेलं असतं. पण मला सगळं द्यायचं नव्हतं. भिंगरी द्यायची होती. ते हं द्यायचं नव्हतं. ते त्यांनी आयुष्यभर वाहिलं होतं, आता पाळी माझी होती.

मी तिचा दात आठवला. ती फिरता फिरता घेरी येऊन भिंतीवर आपटायची आणि वर भिंतीलाच रागवायची, ते आठवलं. दुधाच्या पेल्यात बुडबुडे काढायची, ते. आणि झाडाखालची सावली वर येऊ लागली की दात खाऊन ती मागे ढकलायची. तासभरात माझं पोलकं घामाने चिंब झालं. पिशवी एवढी जड कधी लागली नव्हती.

बाराला पाणी भरलं. तीन वाजता मधल्या खोलीतून हाक आली. "अगं, भिंगरीचा तो दात शेवटी पडला का गं? की मीच पाडला, दोरा बांधून?"

मी धावत गेले. मिस्त्री उठून बसले होते, आणि फोटो त्यांच्या मांडीवर होता. "तुम्हीच पाडलात," मी म्हटलं, "आणि तिने तुम्हाला दोन दिवस कट्टी केली." मग भिंतीला रागावणं झालं, बुडबुडे झाले. आम्ही इतके हसलो की त्यांची नळी सांभाळावी लागली. अकरा वर्षांत आम्ही तिच्याबद्दल हसून बोललो नव्हतो. मला वाटलं, जमलं. जे ठेवायचं ते मी ठेवलं, द्यायचं ते दिलं.

मग ते फोटोच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. आणि माझ्याच शब्दांत, माझ्याच आवाजाच्या चढणीवर त्यांनी विचारलं, "मी का गेलो गं तिला सोडून?"

हं मी धरून ठेवलं होतं. पण हा प्रश्न धरायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. अकरा वर्षं मी दुसरं काही साठवलंच नव्हतं. माझ्यात सगळ्यात जास्त तोच होता, आणि जिकडे जास्त तिकडून तो मुकाट्याने गेला.

"मीच घालवली मग तिला," मिस्त्री म्हणाले. आधी मान खाली घालून उभे राहायचे तेव्हा आत त्यांना खरं माहीत असायचं. आता त्यांच्याकडे तेवढंही नव्हतं. आता ते खरंच मानत होते.

गप्प बसणं सोपं होतं. कोणाला कळणार होतं?

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही तिला सोडून गेला नव्हता. तुम्ही झाडाखाली आलात, मला सांगितलंत की भिंगरीकडे बघ. मी हं म्हटलं. मान वर केली नाही. तुम्ही मला सांगून गेला होता."

रागावतील, रडतील, काहीतरी फेकतील, असं वाटून मी तशीच उभी राहिले.

"नक्की?"

"नक्की. वाचलंय मी."

"मग इतकी वर्षं मी बोललो कसा नाही?"

"ते कुठल्याच पिशवीत आलं नाही हो," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि मला जवळ ओढलं, नळीबिळीसकट.

पाच वाजले. काही झालं तरी पाण्याची वेळ चुकवता येत नाही. खिडक्या लावल्या, हात धुतले, फडकी बांधली. पाणी निघत असताना मी पलंगावरच्या पिशव्या चाचपल्या. सगळ्या गार होत्या. मग भरलेली पिशवी टेबलावर घेतली, खाली पान सरकवलं आणि वाकून वाचू लागले. फांदी डोळ्याच्या वर तिरकी कापावी. कापलेल्या जागी लेप लावावा. मधे काही आहे का ते मी पुन्हा पुन्हा बघत होते. हातात पेन्सिल होती.

पाठीमागून मिस्त्री काहीतरी म्हणाले.

माझ्या ओठांवर हं आलं होतं. मी पेन्सिल खाली ठेवली, वळले आणि त्यांच्याकडे बघितलं.

"काय म्हणालात?" मी विचारलं.